शब्दांचे शेत नांगरणारा धर्मगुरू : फादर थॉमस स्टीफन्स

सोलापूरसारख्या गावात राहणाऱ्या माणसाला शब्दांचे मोल निराळे सांगावे लागत नाही. येथे एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू कानांवर पडते. एका घरी आदराने उच्चारलेला शब्द शेजारच्या घरी वेगळ्याच अर्थाने घेतला जातो, हा आपणा सर्वांच्या नित्याच्या अनुभवातील भाग आहे. जेव्हा एखादी श्रद्धा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत येते, तेव्हा ही अडचण शतपटीने वाढते. परमेश्वराला कोणत्या नावाने हाक मारावी? पाप कशाला म्हणावे? स्वर्गाला जुनेच नाव द्यावे की परका शब्द आणावा? सुमारे ४०० वर्षांपूर्वी या प्रश्नांशी आयुष्यभर झुंजलेले आणि त्यातून मराठीला एक महान काव्यग्रंथ देऊन गेलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांच्या जीवनाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत. त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. परंतु त्या ग्रंथामागे शब्दांची केवढी निवड, केवढी चाळणी होती, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील बुश्टन या खेड्यात झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. विंचेस्टर येथील प्रसिद्ध विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि तेथे लॅटिनचा पाया पक्का झाला. तो काळ इंग्लंडमधील कॅथॉलिक भाविकांच्या दृष्टीने अतिशय खडतर होता. राणी पहिली एलिझाबेथ हिच्या राजवटीत कॅथॉलिक उपासनेवर बंदी आली होती. थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत कॅथॉलिक मित्राबरोबर तरुण स्टीफन्स त्याच्या नोकराच्या वेषात देशभर हिंडत असत. दोघांनीही रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचा निश्चय केला होता. पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची जवळजवळ ३० वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स मात्र रोमला पोहोचले आणि १५७५ च्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. मायदेशाशी त्यांची ताटातूट झाली ती कायमचीच.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजाने निघाले आणि आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचले. साडेसहा महिन्यांच्या या प्रवासाचा वृत्तांत त्यांनी लगेच आपल्या वडिलांना पत्राने कळविला. वादळे, दिशा चुकण्याची भीती, हिरड्या सुजवणारा आणि शरीर पोखरणारा खलाशांचा आजार यांचे बारकाईने केलेले वर्णन त्या पत्रात आहे. पुढे हे पत्र इंग्लंडमध्ये छापले गेले आणि हिंदुस्थानविषयी इंग्रजांचे कुतूहल वाढविण्यास ते काही अंशी कारण ठरले, असे इतिहासकार मानतात. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचे नाव घेतले जाते. हा पहिला इंग्रज व्यापारासाठीही आला नव्हता आणि राज्य मिळविण्यासाठीही आला नव्हता. गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि लोक त्यांना पाद्री इस्तेवाँव या पोर्तुगीज नावाने ओळखू लागले.

त्यांचे कार्यक्षेत्र होते गोव्याच्या दक्षिणेकडील साष्टी तालुका. मृत्यूपर्यंतची सुमारे ४० वर्षे त्यांनी प्रामुख्याने याच भागात घालविली. राशोल येथील येशूसंघाच्या विद्यालयाचे ते काही काळ प्रमुखही होते. साष्टीची त्या वेळची परिस्थिती विसरून त्यांच्या कार्याचे मोजमाप करता येणार नाही. त्यांच्या आगमनापूर्वी १२ वर्षे, म्हणजे १५६७ मध्ये, पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती. जुने धर्मग्रंथ बाळगण्यावर बंदी आली होती. या बळजबरीच्या जखमा लोकांच्या मनात ताज्या होत्या. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती ग्रामस्थांच्या हातून मारले गेले. अक्वाविवा हे काही महिन्यांपूर्वीच अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांना न्यायनिवाडा न करताच ठार केले. १८९३ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी त्या पाच जणांना धन्यवादित घोषित केले. त्या हुतात्म्यांचे स्मरण करताना मारल्या गेलेल्या ग्रामस्थांचे दुःखही आपण विसरू नये, असे आम्हांस वाटते. अशा रक्ताळलेल्या भूमीत, ज्या लोकांपासून त्यांचे ग्रंथ हिरावून घेतले गेले होते, त्या लोकांमध्ये स्टीफन्स यांना शुभवर्तमान सांगावयाचे होते.

त्यांनी प्रथम लोकांची भाषा शिकून घेतली. २४ ऑक्टोबर १५८३ रोजी आपला भाऊ रिचर्ड यास लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले आहे. येथील भाषा अनेक आहेत, त्यांचा उच्चार कानास गोड लागतो आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन या भाषांसारखी आहे, अशा आशयाचा मजकूर त्यात आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याविषयी सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात आपले प्रसिद्ध विचार मांडले ते १७८६ मध्ये, म्हणजे त्यानंतर २०० वर्षांनी. व्याकरणाचा चांगला अभ्यास केलेल्या एका तरुण धर्मगुरूच्या कानाने हे साम्य आधीच टिपले होते.

त्यांनी येथे दोन भाषा आत्मसात केल्या. लोकांच्या घरात बोलली जात होती ती कोकणी. पुराणे, कीर्तने आणि काव्य यांसाठी वापरली जात होती ती मराठी. पोर्तुगीज मात्र कोकणीस 'कानारीं' म्हणत. कन्नड देशाच्या नावावरून हे नाव चुकून कोकणीस चिकटले होते. ज्या सोलापूरकरांच्या घरी कन्नड बोलली जाते, त्यांना या गोंधळाची गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही. नाव चुकले तरी अभ्यास चुकला नाही. स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरण सिद्ध केले. फादर दियोगु रिबेरू यांनी त्यात भर घातली आणि १६४० मध्ये ते राशोल येथे छापले गेले. आधुनिक भारतीय आर्यभाषेचे छापले गेलेले हे पहिले व्याकरण मानले जाते.

येथे आपण क्षणभर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू या. त्याच शतकात मेक्सिकोमध्ये फ्रान्सिस्कन संन्यासी नावात्ल या भाषेशी अशीच झुंज देत होते. अस्तेक साम्राज्याची ती भाषा. फ्राय आलोन्सो दे मोलिना हे लहानपणीच मेक्सिकोत आले आणि रस्त्यावर तेथील मुलांबरोबर खेळता खेळता नावात्ल शिकले. त्यांनी १५५५ मध्ये स्पॅनिशमधून नावात्लमध्ये अर्थ देणारा शब्दकोश छापला आणि १५७१ मध्ये दोन्ही बाजूंनी अर्थ देणारा मोठा कोश सिद्ध केला. जुनी नावात्ल कागदपत्रे वाचणारे अभ्यासक आजही प्रथम मोलिना यांचाच कोश उघडतात. त्यांचे समकालीन फ्राय बेर्नार्दिनो दे साहागुन यांनी नावात्ल भाषिक विद्वानांच्या साहाय्याने बारा खंडांचा ज्ञानकोश तयार केला. १५७७ मध्ये स्पेनच्या राजाने अशा लेखनावर बंदी घालून त्यांचे कागद जप्त करण्याचा हुकूम काढला. तरीही त्या ग्रंथाची एक प्रत इटलीतील फ्लॉरेन्स येथे आजवर सुरक्षित राहिली आहे.

या संन्याशांपुढील पेच स्टीफन्स यांच्या पेचाचीच प्रतिकृती होता. पापासाठी त्यांनी 'त्लात्लाकोली' हा शब्द घेतला. त्याचा मूळ अर्थ बिघडलेली, नासलेली वस्तू असा होता. नरकासाठी 'मिक्त्लान' हा शब्द घेतला. परंतु तेथील जुन्या समजुतीनुसार मिक्त्लान हे बहुतेक सर्व मृतांचे स्थान होते, मग ते सज्जन असोत वा दुर्जन. सैतानासाठी 'त्लाकातेकोलोत्ल' म्हणजे घुबडमानव हा शब्द निवडला. मूळात तो रात्री फिरणाऱ्या एका प्रकारच्या चेटक्याचा वाचक होता. पवित्र मरियेला लोक 'तोनान्त्सिन' म्हणजे आमची पूज्य माता म्हणू लागले, तेव्हा साहागुन अस्वस्थ झाले. कारण ते एका जुन्या देवीचेही नाव होते. त्याऐवजी देवाची माता असा अर्थ देणारा शब्दप्रयोग करावा, असे त्यांचे मत होते. शब्द उसना घेतला की त्याबरोबर त्याचे जुने बिऱ्हाडही येते, हे या सर्वांना कळून चुकले होते.

गोव्यातही हेच घडत होते. येथील ख्रिस्ती कोकणीत 'देवचार' हा शब्द सैतानासाठी रूढ झाला. मात्र गोव्याच्याच हिंदू लोकसमजुतीत देवचार हा गावाची राखण करणारा असतो. एकाच गावात एक शब्द एका घरी भयाचा आणि दुसऱ्या घरी आधाराचा ठरला. नरकाला कोकणी ख्रिस्ती बोलीत 'यमकोंड' म्हणतात. तो शब्द यमाची आठवण अजूनही बाळगून आहे. पवित्र मरियेस मात्र कोकणी प्रार्थनेत देवाची माय असेच संबोधले जाते, जणू साहागुन यांचा सल्ला साष्टीत येऊन पोहोचला असावा!

स्टीफन्स यांनी या प्रश्नाचे उत्तर मोठ्या धैर्याने आणि तितक्याच सावधपणे दिले. जेथे लोकांच्या भाषेतील शब्द नवा अर्थ पेलू शकेल असे त्यांना वाटले, तेथे त्यांनी तो निःशंकपणे उचलला. परमेश्वर, भक्ती, मुक्ती, मोक्ष, कृपा, गुरू हे शब्द त्यांच्या काव्यात सहजतेने वावरतात. स्वर्गासाठी त्यांनी चक्क 'वैकुंठ' हा शब्द वापरला. पंढरीची वारी ज्या जिल्ह्यात येऊन थांबते, त्या सोलापूर जिल्ह्यातील वाचकाला वैकुंठ या शब्दामागे कोणाची मूर्ती उभी राहते हे सांगणे नलगे. स्टीफन्स यांनाही ते ठाऊक असणारच. तरीही आनंद, सान्निध्य आणि चिरंतन विसावा हे भाव दुसऱ्या कोणत्याही शब्दाने इतक्या लवकर मनात उतरले नसते. याउलट जेथे गैरसमजाची भीती होती, तेथे त्यांनी परका शब्द तसाच ठेवला. पवित्र आत्म्यासाठी त्यांनी 'स्पिरितु सांतु' हे लॅटिन-पोर्तुगीज वळणाचे नाव ठेवले आणि स्नानसंस्कारासाठी 'बाव्तिज्म' या पोर्तुगीज शब्दाचेच रूप स्वीकारले. आत्मा या शब्दाला भारतीय तत्त्वज्ञानात फार मोठा आणि वादग्रस्त अर्थ आहे. बहुधा त्यामुळेच येथे त्यांनी सावधगिरी बाळगली असावी.

'ख्रिस्तपुराण' कसे जन्मास आले याची हकिगत त्यांनी काव्याच्या आरंभीच गुंफली आहे. साष्टीत धर्मशिक्षणाच्या वेळी एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठून विचारतो की, आमची जुनी पुराणे तर बंद झाली. मग त्यांच्या जागी आम्हांला वाचावयास व गावयास आमच्या भाषेत काही का मिळू नये? हा प्रश्न साधा नाही. हिरावून घेतलेल्या गोष्टीची भरपाई मागणारा तो प्रश्न आहे. स्टीफन्स यांनी तो टाळला नाही. आपल्याच ग्रंथाच्या दारात त्यांनी त्याला कायमची जागा दिली. जे मोडले गेले ते त्यांना पुन्हा उभारता येणार नव्हते. परंतु त्या माणसाची भाषा, त्याचा ओवी छंद आणि पुराण ऐकण्याची त्याची रीत हे सर्व त्यांनी त्याला परत दिले.

हे पुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा ३६ अध्यायांत येते आणि दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र ५९ अध्यायांत येते. अध्यायाला तेथे 'अवस्वरु' म्हटले आहे. एकूण ओव्या ११,००० च्या जवळपास आहेत. संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत १५८४ मध्ये सिद्ध केली, त्या वेळी स्टीफन्स गोव्यात मराठी शिकत होते. म्हणजे मराठी ओवीच्या ऐन बहराच्या काळात हा परदेशी धर्मगुरू तिच्या पंक्तीस येऊन बसला. काव्याच्या प्रारंभी त्याने मराठीची जी स्तुती केली आहे, तिच्यात रत्ने, सुगंध, फुले, पक्षी, वृक्ष यांच्या उपमा एकामागून एक येतात. ती आजही मराठी शाळांतून वाचली जाते.

भाषेविषयी स्टीफन्स यांनी गद्य प्रस्तावनेत केलेला खुलासा आम्हांस फार मोलाचा वाटतो. जुन्या कवींच्या मराठीतील पुष्कळ शब्द सामान्य लोकांस उमगत नाहीत. म्हणून आपण कठीण शब्द टाळले आणि गोव्यातील ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द मिसळले, असा त्याचा आशय आहे. स्वतःचे पांडित्य मिरविण्याची उत्तम संधी असताना या विद्वानाने ती सोडून दिली. त्याच्या मनासमोर चर्चमध्ये जमिनीवर बसून ऐकणारी माणसे होती. काळाची गंमत अशी की, त्या वेळी सोपे असलेले काही शब्द आज आपल्याला अडवितात. 'हरळ' म्हणजे खडा आणि 'किळा' म्हणजे तेज, हे आजच्या विद्यार्थ्याला टीपेत सांगावे लागते. देवु, लोकु अशी उकारान्त रूपे वाचतानाही जीभ क्षणभर थबकते. शब्दांचे अर्थ झिजतात आणि सरकतात. म्हणून प्रत्येक पिढीला श्रद्धेची भाषा पुन्हा शिकावी लागते.

आणखी एक अडचण लिपीची होती. ५ डिसेंबर १६०८ रोजी येशूसंघाच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी स्थानिक लिपीचे खिळे तयार करण्याविषयी विनंती केली होती. ती फळास आली नाही. परिणामी मराठीचे हे पुराण रोमन अक्षरांत छापावे लागले. 'ट', 'ण', 'ळ' अशा मूर्धन्य वर्णांसाठी रोमन लिपीत चिन्हेच नव्हती. त्यासाठी अक्षर दोनदा लिहिण्याची युक्ती वापरली गेली. पुराण या शब्दात 'न' चे रोमन अक्षर दोन वेळा येते, ते याच कारणाने. परंतु हस्तलिखितांच्या नकला करणाऱ्यांचा एक अक्षर गाळण्याचा प्रमादही शब्दाचा अर्थ बदलावयास पुरेसा होता.

स्टीफन्स यांच्या स्वभावातील ओलावा दाखविणारी एक घटना इतिहासाने नोंदविली आहे. १५८३ च्या अखेरीस जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आणि त्यांचे दोन सोबती हे इंग्रज व्यापारी हेर असल्याच्या संशयावरून गोव्याच्या तुरुंगात पडले. ते स्टीफन्स यांचे देशबांधव असले तरी ज्या राजवटीमुळे स्टीफन्स यांना देश सोडावा लागला, तिचेच ते प्रजाजन होते. तरीही स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी रदबदली केली आणि जामिनावर त्यांची सुटका घडवून आणण्यास हातभार लावला.

१६१९ मध्ये, वयाच्या सत्तरीच्या सुमारास, गोव्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये त्यांची कोकणीतील ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी प्रसिद्ध झाली. ख्रिस्तपुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या आणि गोव्याच्या चर्चमधून ते भक्तिभावाने गाइले जाऊ लागले. पुढे वारे फिरले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा आदेश दिला. ज्या भाषेचे व्याकरण एका धर्मगुरूने कष्टाने रचले होते, तीच भाषा सत्तेला अडचणीची वाटू लागली. छापील पुराणाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. भाविक कुटुंबांनी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांमुळेच तो ग्रंथ वाचला. अशा हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये जे. एल. सल्डाना यांनी मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली. लंडनमध्ये मार्सडेन यांच्या संग्रहात देवनागरी लिपीतील एक हस्तलिखितही सापडले. त्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द अधिक आढळतात. मूळ शब्द कोणते आणि मागाहून बदललेले कोणते, हा प्रश्न विद्वानांना त्यामुळेच पडला. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी ख्रिस्तपुराण देवनागरीत आणले. १९९६ मध्ये कॅरिडाड द्रागो यांची आवृत्ती मुंबईत निघाली आणि नंतर फादर नेल्सन फल्काव यांनी त्याचा आजच्या मराठीत अर्थ सांगितला. ज्या लिपीसाठी स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये विनंती केली होती, ती त्यांच्या ग्रंथाला मिळण्यास साडेतीनशे वर्षे लागली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेतील उपासनेचा मार्ग मोकळा केला. आज आपण मिस्सामध्ये मराठीतून प्रार्थना करतो, तेव्हा परमेश्वर, कृपा, मुक्ती हे शब्द आपल्या ओठांवर सहज येतात. स्टीफन्स यांनी परका ठेवलेला शब्दही आता मराठी झाला आहे. 'पवित्र आत्मा' म्हणताना आपल्याला कोणताही संकोच वाटत नाही. वैकुंठ हा शब्द मात्र आपल्या प्रार्थनेत फारसा टिकला नाही. कोणता शब्द रुजेल आणि कोणता गळून पडेल, हे पेरणाऱ्याच्या हाती नसते. धर्मशिक्षण देणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी, विशेषतः ज्यांच्यासमोर तेलुगू किंवा कन्नड घरांतून आलेली मुले बसतात त्यांनी, एखादा अवघड शब्द उच्चारण्यापूर्वी तो त्या मुलाच्या घरी कोणत्या अर्थाने बोलला जातो, एवढे विचारून घ्यावे. पाद्री इस्तेवाँव साष्टीत ४० वर्षे हेच विचारीत राहिले होते.